ब्रेकला आवाज नसतो

हिंगणा, २ डिसेंबर

इंजिनाचं टॅपेट कव्हर उचललं, तर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तीन नंबरच्या रॉकरचा अर्धा तुकडा तेलात पडलेला होता. चिमट्यानं काढला. दुसरा अर्धा शाफ्टवर, जागच्या जागी. खालून धक्का देणारा पुशरॉड धनुष्यासारखा वाकलेला. सगळं पुसून, कापडात गुंडाळून या डब्यात ठेवलं आहे. पत्र वर ठेवते, म्हणजे आधी हातात हेच येईल. न वाचता तुकडेच बघितलेस तरी चालेल.

अभि, तीन वर्षांनी लिहिते आहे आणि कामाचंच लिहिते आहे. फोनवर तुकडा दाखवता येत नाही. फोटोत भेग कळत नाही, हे तूच सांगायचास. पुण्याला तुमच्या कंपनीच्या टेस्टिंगमध्ये तुटलेले भाग बघायची सोय आहे. माझ्याकडे भिंग आहे आणि धम्मानंदचे डोळे आहेत.

गाडी फोर बाय फोर कॅम्पर आहे, मागे माणसं बसतात ती. जुनं डिझेल इंजिन, कॉम्प्युटर नाही. उमरेडच्या बाजूला एका कोळसा खाणीत ठेकेदाराकडे चालते. खाणीच्या तळाशी पाणी साचतं, तिथं पंप आहेत. पंपावरची चार माणसं सकाळी खाली न्यायची, संध्याकाळी वर आणायची, एवढंच तिचं काम. रस्ता उताराचा, वळणं आखूड. शेवटच्या वळणाखाली साचलेलं पाणी आहे. किती खोल, ते कोणी सांगत नाही.

दिवाळीपासून गाडी तिसऱ्यांदा आली. पहिल्यांदा नुसता पुशरॉड वाकला होता. मला वाटलं टॅपेटमधलं अंतर कमी राहिलं. सेटिंग केली, दिली. दुसऱ्यांदा रॉकर तुटला. वर तेल पोहोचत नसेल म्हणून शाफ्ट खोलला, भोकं तारेनं साफ केली, इंजिन चालू करून तेल येताना पाहिलं. तिसऱ्या वेळचं डब्यात आहे.

धम्मानंद शेजारीच लेथ चालवतो अजून. म्हणाला, "ताई, हे गाडी माहेरवाशीण हाय. सासरी नांदतच नाही."

ठेकेदाराचा सुपरवायझर गिरिधर म्हणून आहे. त्यानं काल फोनवर सांगितलं, "मॅडम, आता आणखी एकदा बंद पडली ना, तर ड्रायव्हर बदलतो. अन् गॅरेज बी." रागानं नाही सांगितलं. त्यालाही वर कोणाला तरी सांगायचं असतं. गाडी उतारावर मधेच बंद पडली तर मागे चार माणसं असतात, हे त्यानं मला सांगायची गरज नव्हती.

ड्रायव्हर वयस्कर आहे. गाडी जपतो. दुसऱ्या कुठल्या गॅरेजात नेऊ देत नाही. तेव्हा हलगर्जीपणाची शंका काढू नकोस. इंजिनाचं सांग.

घरी ठीक.

धनश्री


११ डिसेंबर

डबा परत आला. चिठ्ठी मिळाली. चार ओळी लिहिल्यास, त्यातल्या तीन कामाच्या: तेलाचा दोष नाही. धातूचा नाही, एका झटक्यात तुटला आहे. हेड काढ, पिस्टनचे माथे बघ.

हेड काढलं. चारही पिस्टनवर चंद्रकोरी आहेत. काही पुसट, काही नखाला लागतात. व्हॉल्व्ह वेळेत मागे सरकत नाहीत आणि वर येणारा पिस्टन त्यांना ठोकतो. एक नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित वाकलाही आहे. सपाटीवर लोळवला तर डुलतो.

टायमिंगच्या खुणा जुळतात. दोनदा बघितल्या. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा काढून उंची घेतली, दाबून बघितल्या. पुस्तकात आहेत तेवढ्याच भरल्या.

मग एकच उरतं. इंजिन जेवढं फिरायला हवं त्याहून फार जास्त फिरतं आहे. आणि डिझेलच्या जोरावर ते फिरू शकत नाही, इंजिनाचा पंप तेवढं डिझेल सोडतच नाही. म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत आहेत. उतारावर. खालचा गिअर टाकून क्लच सोडला की. तुला हे डबा उघडतानाच कळलं असणार. मला हेड काढल्यावर कळलं.

ड्रायव्हरला विचारलं.

"उताराले कोणत्या गिअरात राहता?"

"लो मधी. तो तर साहेबाईचाच नियम हाय."

"वळण आलं का?"

"आणखी खालचा टाकतो."

"ब्रेक?"

"ब्रेक तापते. इंजिनानं थांबोतो."

"इंजिन ओरडत नाही का?"

"ओरडू दे ना. माणसं वरडत नाहीत ना मागं." मग हसून म्हणाले, "तू इंजिन पाह्य वं. रस्ता मी पाहतो."

नियमाप्रमाणे चूक नाही. लांब उताराला इंजिनावरच गाडी रोखायची, हे सगळीकडे शिकवतात. पण त्याआधी ब्रेकनं वेग उतरवायचा असतो. तसं होत नाहीये, एवढं पिस्टन सांगतात.

ड्रायव्हरची सवय या वयात बदलणार नाही. तेव्हा दुसरं विचारते. जाड तारेची स्प्रिंग टाकली तर निभेल का? तुमच्याकडे त्याच घराण्यातलं मोठं इंजिन आहे. त्याची स्प्रिंग या हेडात बसते, मी मापं काढली. इथं मिळत नाही. आठ हव्यात. पाठवशील? शहरात विधानसभेचं अधिवेशन आहे, अर्धे रस्ते बंद आहेत. कुरिअर हिंगण्याच्याच पत्त्यावर टाक.

तुझी चौथी ओळ होती, ड्रायव्हर कोण. नाव कशाला हवं?

घरी ठीक. बाबांची शुगर मधे वाढली होती. गोळी चालू आहे.

धनश्री


१९ डिसेंबर

स्प्रिंगा मिळाल्या. चिठ्ठीही. "हे आता तुटणार नाही. मग दुसरं काही तुटेल. कारण काढ."

कारण मला माहीत आहे. मागच्या पत्रात त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, तेव्हा तुलाही कळलं असणार. तरी तू स्प्रिंगा पाठवल्यास. मी त्या बसवल्या. एवढं आपल्या दोघांत समान आहे.

बाबा चालवतात ती गाडी. दीड वर्ष झालं. त्याआधी रेतीच्या ट्रॅक्टरवर होते. तुला कळवायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण कळवलं नाही.

मी शनिवारी खाणीत जाऊन आले. गिरिधरनं गेटपास काढला, हेल्मेट दिलं, बूट दिले. बूट मोठे होते. मी पुढं, बाबांच्या बाजूला बसले. मागे चौघे. त्यातला गोविंदा बोलका. म्हणाला, "ताई, घट्ट धरजा. काका असे उतरवतेत का सकाळची भाकर घशात येते."

"तुही भाकर तेवढीच तर टिकते पोटात," बाबा म्हणाले. सगळे हसले.

उतार सुरू झाला. मी रस्ता बघत नव्हते, त्यांचे पाय बघत होते. डावा पाय क्लचवर जात-येत होता. उजवा अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलून त्यांनी पत्र्यावर ठेवला. बाजूला, भिंतीला लावून ठेवतात काही, तसा. वळण आलं. लो गिअरातला तिसरा होता, दुसरा टाकला आणि क्लच सोडून दिला. इंजिन किंचाळलं. गाडीत मीटर नाही, पण मी असं फिरलेलं इंजिन आजवर ऐकलेलं नाही. माझं डोकं समोर गेलं. गाडी वळली. पुढचं वळण, पुन्हा तसंच. तळाच्या वळणाला पहिला टाकला. पाणी डाव्या हाताला, हिरवट. मधे मातीचा बांध, कमरेएवढा.

पूर्ण उतारात उजवा पाय ब्रेकवर गेला नाही. तळाशी गाडी जवळजवळ थांबल्यावर त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि मग पाय ब्रेकवर ठेवला.

वाकून पाहिलं, अभि.

स्प्रिंगा बसवून चार दिवस झालेत, काही तुटलेलं नाही. गिरिधर खूश. "मॅडम, एक नंबर. आता कसा आवाज येऊन राहिला." मी हो म्हटलं.

त्या शनिवारी संध्याकाळी वर आलो. गेटवर सगळे बूट काढून चपला घालतात. बाबांनी उजवा बूट उलटा केला, तर आतून एक नट पडला. चांगला बोटाच्या पेराएवढा. दिवसभर आत होता. गोविंदानं उचलला. "काका इंजिनाचं सामान बुटात घेऊन फिरतेत. म्हणून गाडी बंद पडते." पुन्हा सगळे हसले. बाबाही. मोज्याला पंजाखाली तपकिरी डाग होता, ओला. त्यांनी तो मोजा काढून घडी करून खिशात ठेवला.

मी त्यांना काही विचारलं नाही. उमरेडच्या स्टँडवर बस येईपर्यंत ते माझ्याजवळ उभे होते. मी पायांकडे बघतेय हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, "या पायानं अंधारात हातमागाची पावडी वळखत होतो मी. तुह्या आजोबाले विचार." आजोबा जाऊन वीस वर्षं झाली.

आईचा पाय मी या पत्रात आणणार नव्हते. पण बाबा स्वतःच्या पायाचं का बोलत नाहीत, ते त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. तू तिला पुण्याला नेलंस ते बरोबर होतं. गुडघ्याखाली कापावा लागेल म्हणाले, बाबा बसमध्ये होते, पोहोचायला रात्र झाली असती, तू सही केलीस. तेही बरोबर असेल. डॉक्टरनं वेळ नाही सांगितलं होतं. ती त्यानंतर महिनाभरही राहिली नाही, यात तुझा हात नव्हता. पण बाबांनी तुला विचारलं होतं, पाय कुठं हाय तिचा. तुला सांगता आलं नाही. मग तेरवीच्या पंगतीत, वाढणाऱ्यांसमोर, तू म्हणालास की सहा महिने जखमेवर हळद दाबत बसलात म्हणून पाय गेला. तू खोटं बोलला नाहीस. मी तेव्हा पोळ्या वाढत होते, वाढत राहिले.

ते आजही दिव्याला हात जोडताना म्हणतात, अर्धी बाई जाळली मी.

आता मला काय करायचं आहे, ते मला दिसतं आहे. गिरिधरला सांगितलं तर बाबा घरी बसतील. घरी बसले की पाय दाखवावा लागेल. पाय दाखवला की आईचं झालं तेच होईल, असं त्यांना वाटतं. नाही सांगितलं, तर मागे चार माणसं बसतात.

स्प्रिंगा चांगल्या आहेत. त्यांच्यामुळे थोडा वेळ मिळाला असं मी स्वतःला सांगते आहे.

धनश्री


२८ डिसेंबर

तुझे फोन आले. उचलले नाहीत. तू येतो म्हणाला असतास, किंवा नाही म्हणाला असतास. दोन्ही ऐकायची तयारी नव्हती.

काल सकाळी गाडी तळाला थांबली नाही. शेवटच्या वळणावर पहिला गिअर पडला नाही, न्यूट्रल झाली. इंजिन सुटलं म्हणजे हातात ब्रेकच. बाबा म्हणतात, ब्रेक दाबला. गोविंदा म्हणतो, काका दाबून राहिले होते, पाय थरथरत होता एवढा जोर होता. गाडी बांधावर चढली. पुढची चाकं पलीकडे, पाण्यावर. पोट बांधावर टेकलं म्हणून राहिली. गोविंदाचा खांदा मोडला. बाकीच्यांना खरचटलं. मागून उतरताना एक जण हसला म्हणे, मग रडायला लागला.

सगळ्यांचं एकमत, ब्रेक फेल. आज गिरिधरनं गाडी ट्रकवर टाकून माझ्याकडे पाठवली. बाबा त्याच ट्रकमध्ये बसून आले.

चारही चाकं खोलली. लायनर, सिलेंडर, पाइप, तेल. पेडलवर उभी राहून बघितलं. कुठं गळती नाही, पेडल बसत नाही. पेडलच्या उजवीकडे पत्र्याला मात्र नवा खड्डा आहे. बुटाच्या टाचेएवढा. बाबांनी सगळा जोर पत्र्यावर दिला होता.

"ब्रेक चांगले आहेत," मी म्हटलं.

"मंग माह्याकडे काहून पाहून राहिली?"

"पाय दाखवा."

"गाडी आणली का पाय आणला?"

धम्मानंद चहा घेऊन आला होता. तो म्हणाला, "दाखवून टाका काका. ताई आज हेड खोलल्याशिवाय राहत नाही."

"तू लेथ पाह्य बे आपली." पण ते स्टुलावर बसले. चप्पल काढली. मोजा मी काढला. तो चिकटला होता, पाणी लावून सोडवला. अंगठ्याच्या खाली भोक आहे. कडा पांढऱ्या, आत काळं. वास आहे. धम्मानंद कप ठेवून बाहेर गेला.

मी फिलर गेज घेतला. टॅपेटमधलं अंतर मोजायची ती पात्यांची जुडी, रोज हातात असते. दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, डोळे मिटा, लागलं की सांगा. सगळ्यात पातळ पातं टाचेला लावलं. मग तळव्याला. मग एकेका बोटाला. ते डोळे मिटून ताठ बसले होते.

"लाव ना," ते म्हणाले.

मी तेव्हा चौथ्या बोटावर होते.

जाड पातं घेतलं. टोकानं दाबलं. पांढरी खूण उमटली. काही नाही. वर सरकत गेले. घोट्याच्या वर चार बोटं आल्यावर ते म्हणाले, "हां. आता लागलं. कुठं, अंगठ्याले ना?"

मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. मग म्हटलं, "नाही बाबा. घोट्याच्या वर."

त्यांनी डोळे उघडून पाहिलं. मग मी विचारलं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आधी मुंग्या येत होत्या, मंग त्या बी गेल्या. बरं वाटलं."

"आणि गाडी?"

"एक्सिलेटर समजते. इंजिन सांगते ना किती दाबला तं. कानानं चालवतो. ब्रेकले आवाज नसते." मग म्हणाले, "म्हणून ब्रेक सोडून देल्ला. इंजिनानं थांबोत गेलो. तं इंजिन तुटत गेलं. तू चांगलं करत गेली, मी तोडत गेलो."

"मला सांगायचं होतं."

"सांगून काय केलं असतं? हेच केलं असतं जे आता करून राहिली."

"गोविंदाचा खांदा मोडला."

"माहीत हाय मले. मीच उचलला त्याले. पोट्टा मलेच म्हणते, काका तुमाले लागलं का."

मी जखम धुतली. त्यांना काही लागत नव्हतं. म्हटलं, जखम लहान आहे, आत्ता दाखवली तर एवढ्यावर भागेल.

"तिची बी लहानच होती," ते म्हणाले. "आधी बोट, मंग पंजा, मंग गुडघा. बाजारातल्यासारखं. आपण नाही म्हणाले गेलो का ते खालून वर येत जातेत. मी साबूत जाईन."

"आणि चार जण? तेही तुमच्यासोबत?"

त्यांनी मोजा हातानं सरळ केला. मग म्हणाले, "दुसऱ्या गाडीवर ठेवील गिरिधर. सपाटीवर. पाण्याच्या टँकरवर. तू फक्त ब्रेक फेल होते म्हन. एक पाइप बदल, जुना दाखव त्याले. कोणाले समजते?"

मला ते करता येत होतं, अभि. जुना पाइप कोपऱ्यात पडलेला आहेच. गिरिधर दोन प्रश्न विचारून गप्प बसला असता. बाबांची नोकरी राहिली असती, माझं गॅरेज राहिलं असतं, पाय मोज्यात राहिला असता.

स्प्रिंगाही मला कोणी विचारणार नाही. त्या बसवायच्या आधी बाबा इंजिन तोडायचे आणि गाडी आठवडाभर माझ्या दारात उभी असायची. ते आठवडे कोणी खाणीत उतरत नव्हतं. मी त्या बसवल्या आणि गाडी रोज उतरू लागली. स्प्रिंगा नसत्या तरी गिअर काल पडला नसताच, एवढं मला कळतं. पण काल गाडी तिथं होती ती माझ्या कामामुळे. आणि तू पाठवल्यास म्हणून. हे तुला सुनावण्यासाठी लिहीत नाही. माझ्याइतकंच तुलाही ते माहीत असावं, म्हणून.

संध्याकाळी गिरिधरला फोन केला. "ब्रेक चांगले आहेत," मी सांगितलं.

तो मग म्हणाला, "मॅडम, वर मी ब्रेक असंच सांगून ठेवलं."

"चुकीचं सांगितलं. ड्रायव्हरचा पाय बधिर आहे. त्यांना उद्यापासून कुठल्याच गाडीवर बसवू नका. टँकरवरही नाही. मी येऊन सगळं सांगते."

"ते तुमचे..."

"हो."

बाबा तेव्हा मागे बाजेवर बसून माझ्या लेकीची, खुशीची, गणिताची वही बघत होते. तुला खुशी आठवते ती तीन वर्षांची असेल. आता ती त्यांची चूक काढते. फोन त्यांनी ऐकला की नाही कळलं नाही. जेवले नेहमीएवढंच. झोपायला माझ्याकडेच थांबले. उमरेडला जातो म्हणाले नाहीत, तेव्हा मी सावध झाले. कॅम्परची किल्ली मी खिळ्यालाच राहू दिली. त्याऐवजी गॅरेजात जाऊन टॅपेट कव्हर उघडलं, आठही पुशरॉड काढले आणि घरी आणून तांदळाच्या पिंपात ठेवले.

तू ये असं लिहीत नाही. येऊ नकोस असंही लिहीत नाही. आलास तर तेरवीचं काही बोलायचं नाही. त्यांनी काढलं तरी नाही. कागदावर सहीची वेळ आली, तर ती तेच करतील किंवा कोणीच करणार नाही. हे मी त्यांना कबूल केलेलं नाही, पण करणार आहे.

धनश्री


२९ डिसेंबर

पाकीट बंद केलं नव्हतं, म्हणून लिहिते.

सकाळी उठले तर बाज रिकामी होती. गॅरेजचं शटर अर्धं वर. बाबा कॅम्परमध्ये बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली होती. मी दाराशी उभी राहिले.

"पुशरॉड काढले तू," ते म्हणाले.

"हो."

"पहिल्याच सेल्फले समजलं. आवाज मोकळा येते." तरी मारत राहिले होते.

मग दार उघडून खाली बघितलं, पाय कुठं ठेवायचा ते पाहून ठेवला, आणि उतरले. मी ऑटो बोलावला. आठ वाजता मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत पोहोचलो. केसपेपर काढला. बाबा बाकावर बसले आहेत, चप्पल त्यांनी स्वतःच काढून ठेवली आहे. आमच्या पुढे बरेच लोक आहेत.